हिला तरी चारा लागत न्हाय

आज वाऱ्यानं सायकलीवरचं प्लॅस्टिक फाटलं, म्हणून ट्रंकेतली आबांची घोंगडी बाहेर काढली. तिला अजून मेंढरांचा उग्र वास आहे. त्या वासानं मला धाराशिवच्या या भाड्याच्या घरातून थेट आमच्या गावी, ईटला नेलं.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. मी मात्र सायकल शर्यतीच्या तयारीत होतो. कॉलेज सुटलं की तेरखेड्याच्या रस्त्यानं लांबवर जाऊन यायचो. घरात जागा नव्हती, म्हणून सायकल बाहेर, मेंढरांच्या वाडग्याच्या कुंपणाला टेकवून ठेवायचो. एका संध्याकाळी घामानं निथळत परतलो, तर वडील तिथंच वाट बघत उभे होते.

"लई लांब जातूस तू. तिकडं कुठं चारा दिसला का रं?"

"न्हाय आबा. समदं रान उघडं पडलंय."

ते थोडा वेळ मेंढरांकडं बघत राहिले. मग रात्री दव पडेल म्हणून खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी सायकलीवर पांघरली.

"हिला तरी चारा लागत न्हाय."

मी हसलो होतो. त्याच आठवड्यात मेंढरं बाजारात गेली. आता वाटतं, विकायचं त्यांनी माझं उत्तर ऐकून तिथंच ठरवलं असणार.

पुढं माझा गुडघा गेला, मग आबाही गेले. आज घोंगडी टाकण्याआधी पायडल फिरवून बघितलं. ते हललंच नाही, चेनचा गंज तेवढा बोटांना लागला.

चारा न लागणारी ती एकटीच होती आमच्याकडं. तीही मला जगवता आली नाही.