एक फी, दोन मेंबर

दहा ऑगस्ट, रविवार. रक्कम एक लाख. हजर: मी, शेजारच्या शोभावहिनी (कानाला फोन), चिट्टी चालवणाऱ्या लक्ष्मीअक्का आणि लिलावापेक्षा अक्कांच्या मिरची भज्यांत रस असलेले काही मेंबर.

आमच्या आदिलाबादेत भिशीला चिट्टी म्हणतात. वीस मेंबर, दरमहा प्रत्येकी पाच हजार. लाखातून सर्वांत जास्त रक्कम सोडायला जो तयार होईल, त्याने उरलेले पैसे उचलायचे. सोडलेली रक्कम वीस जणांत वाटून सगळ्यांना हप्त्यात सूट! मला बहात्तर हजार हवे होते. आमच्या अश्विनीचा हैदराबादेत एम.कॉम.ला नंबर लागला होता. सोमवारी फी भरली नाही तर जागा गेली. ही चिट्टी मी बायकोपासून लपवून लावली होती. (तिने आधी सोनं घेतलं असतं.)

"दहा हजार सोडतो," मी म्हणालो.

शोभावहिनी फोनवर कुजबुजल्या. "बारा!"

"पंधरा!"

पुन्हा कुजबुज. "अठरा!"

"वहिनी, काऊन माह्या मागं लागून राह्यल्या?"

वहिनींनी फोनवर हात ठेवला. "मी नाई वो भाऊजी! फोनवरचं मानूस लय जिद्दी हाय."

"कोन हाय ते?"

अक्का हसल्या. "नाव काढायचं नाय अण्णा. चिट्टीचा नेम हाय."

मी अठ्ठावीसपर्यंत गेलो. त्यापुढे एक रुपया सोडला तरी फी पुरत नव्हती.

"साडेअठ्ठावीस!" वहिनी ओरडल्या. संपलं! हातातलं भजं ताटलीत ठेवून मी उठलो.

घरी आलो, तर बायको देवापुढे साखर ठेवत होती.

"फीसचं जमलं वो! तुमाले न सांगता चिट्टी लावली होती म्या. शोभाबाईनं बोली लावली, पैसेबी आले. पन कोन मेला होता कोनास ठाऊक, वाढवूनच राह्यला! पाचशे कमी पडले पाहा."

तो मेला मीच, हे सांगण्याआधी मला तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

अश्विनी हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबा, सूट मेंबरमागं चौदाशे पंचवीस. आपले मेंबर दोन. पाचशे त्यातून निघते. पन आईच्या बारावर तुमी गप राह्यले असते, तर तिले अठ्ठ्याऐंशी हजार भेटले असते!"

पंचवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस असलेला मी गप्प राहिलो. (उशिराच!)

सोमवारी कॉलेजला बहात्तर हजार भरले, पावती घेतली. बाकीच्या अठरा मेंबरांच्या घरी मिळून पंचवीस हजार सहाशे पन्नास गेले. ती माझ्या शिक्षणाची फी. तिची पावती मिळाली नाही; अक्कांनी भजी मात्र पाठवली.