दिवेलागणीची कडी

आई दुपारनंतर पाणी प्यायची नाही. मला ते कळायलाच किती दिवस लागले, मी आपली तांब्या पुढे करायची आणि ती तोंड फिरवायची, "माका तान नाय गो." कौलं तापलेली, उकाडा असा की माझीच चोळी अंगाला चिकटायची, तिचे ओठ सुकून सालं निघालेली, आणि म्हणे तहान नाही.

मालवणच्या बाहेर माडांच्या बागेत ते घर होतं, ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्यांचं. मुंबईच्या एका शेटने बांधलेलं, शेट मूळचा इकडचाच. आईला कोणी नव्हतं असं नाही, मी होते. पण तिच्या अंगावरून वारं गेलं, एक बाजू लुळी पडली, आणि माझी सासू म्हणाली, "चेडवाच्या घरात आवस रवता खंय?" लेकीच्या सासरी आईने राहायचं नसतं. नवरा मुंबईला गिरणीत, तो तिथून काय करणार. मग मी त्याच घरात कामाला लागले. धुणं, पेज भरवणं, अंग पुसणं. लेक तेव्हा अंगावर पिणारी, तिला आईच्या खाटेखाली गोधडीवर निजवायचे. चौथीपर्यंत शिकलेली मी, दुसरं काम कोण देणार, आणि इथे निदान आई डोळ्यांसमोर.

डोळ्यांसमोर म्हणजे दिवसाच. दिवेलागणीला आम्ही सगळ्या कामवाल्या घरी जायचो आणि मोठ्या दाराला बाहेरून कडी लागायची. त्यालाही कारण होतं, एक आजी मागे कधी अंधारात विहिरीकडे चालत गेली होती. पण मग उजाडेपर्यंत आत कोणी नाही. जो अंथरुणात भिजला तो तसाच पडून. सकाळी कडी निघाली की मी धावत आईकडे, आणि तिच्या पाठीची जखम कालच्यापेक्षा मोठी. एकदा लुगडं बदलताना मला रडू आवरेना, तर तीच म्हणाली, "रडा नको. मी पाणी कमी केलंय आता." तेव्हा कळलं, तान कुठे जाते ते.

देखरेखीला एक बाई होती, घाटावरची. वाईट नव्हती. मी तिला विचारलं, मी रात्री राहू का म्हणून. घरी सासूला काय सांगणार होते कुणास ठाऊक.

"तान्हं मूल घेऊन? उद्या सगळ्याच विचारतील," ती म्हणाली. "रात्रीची बाई ठेवायला मुंबईची परवानगी नाही. पुन्हा हा विषय काढू नकोस."

मी पुन्हा काढला नाही. मलाच कामावरून काढलं असतं तर आई दिवसाचीही गेली असती.

खिडकीपाशी एक आजोबा होते, पाय गेलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"इतक्या घाबरतंस कित्याक?"

"आजानू, काम जायत माझा."

"माझा काय जातला? पाय आधीच गेले," म्हणाले आणि स्वतःच हसले.

चतुर्थीच्या आधी शेट दरवर्षी घर बघायला यायचा. धोतर, काळी टोपी, बरोबर दोनतीन माणसं. देवाच्या फोटोला हार घालायचे, नारळ फोडायचे, सगळ्यांना केळं वाटायचं. त्या वर्षी आजोबांनी खाटेवरून हात पुढे केला. "नारळ माका देवा. गाऱ्हाणा मी घालतंय. गावच्या देवळात मीच घालीत होतंय."

गाऱ्हाणं म्हणजे नारळ हातात धरून देवाकडे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागायचं, आणि ऐकणाऱ्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. शेट खूश झाला. "घाला, घाला. कितीक वर्सांनी ऐकतंय."

आजोबांचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं. बा देवा म्हाराजा, ह्या शेटच्या धंद्याक बरकत दी. खाटाखाटांवरून आवाज आला, व्हय म्हाराजा. तेच्या पोराटोरांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा. आई एका बाजूच्या तोंडाने म्हणत होती. शेटने हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोही म्हणत होता.

आणि त्याच सुरात पुढे, "बा देवा म्हाराजा, हय दिवेलागणीक भायरसून कडी लागता ती उजाडल्यार निघता. जा भिजता ता भिजलेला रवता. ही एक म्हातारी दुपारपासून पाणी सोडता, रातीक भिजूक नको म्हणान. तर एक बायलमाणूस रातची हय रवांदे, कडी आतसून लागांदे, आसा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळे म्हणाले. शेटही म्हणाला.

आजोबांनी नारळ खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटला. पाणी शेटच्या धोतरावर उडालं. मी लेकीला घट्ट धरून भिंतीला टेकले, वाटलं आता माझ्याकडेच बघणार.

बाई म्हणाली, "शेटजी, पण नियम..."

"माझ्या तोंडातसून गेला मां ता," शेट म्हणाला. टोपी काढून परत घातली. "नारळ फुटलो, बाई. आता काय?" मग मुंबईच्या भाषेत, "चतुर्थी झाली की मी कागद पाठवतो. तोवर आहे तसंच चालू दे."

ते गेल्यावर आईने बरा हात हलवला. "पाणी हाड."

मी तांब्या नेला. ती प्यायली, गटागटा, गळ्यावरून ओघळत. मी कधी तिला असं पिताना बघितलं नव्हतं. अर्धा तांब्या झाला तशी थांबली. "तू आज रवतंस मां?"

मी म्हणाले, "आज नाय गो आये. कागद येवांदे. चतुर्थी झाल्यार."

तिने तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. "मगे रवांदे," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

सकाळी कडी निघाली तेव्हा आई भिजलेली, कुडकुडत होती. त्यानंतर तिने पाणी आणखीच लवकर सोडलं, सकाळच्या पेजेनंतर. मग ताप आला. मला वाटायचं चतुर्थी जवळच आहे, तेवढी काढेल. गणपती घरोघर आले त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. तिचा हात माझ्या हातात होता, एवढंच बरं, दिवसा गेली.

कागद खरंच आला. बाईने मलाच बोलावलं. म्हणाली, "तूच राहा." आणि मग, "मला वाटलं नव्हतं तुझी आई इतक्या लवकर..." घरी मी चटई गुंडाळली, सासूने अडवलं नाही. लेकीला तिनेच दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं.

आईच्या खाटेवर तोवर दुसरी आजी आली होती, मच्छी विकणारी, थकलेली. दिवेलागणीला बाकीच्या घरी गेल्या. मी दार लोटलं, कडी आतून लावली. हाताला तिची सवय नव्हती, आधी सरकेना. खिडकीपाशी आजोबा जागे होते, कडीकडे बघत.

"पाणी व्हया, आजये?" मी विचारलं.

"आता?" ती घाबरून दाराकडे बघायला लागली. तिलाही आधीच कोणीतरी सांगितलेलं, रात्री आत कोणी नसतं म्हणून.

"पी गो. मी आसंय हय."

ती थोडं प्यायली. माझ्याकडे बघितलं. आणखी प्यायली. तांब्या रिकामा केला आणि म्हणाली, "आनी दी."

मी घागरीकडे वळले, तांब्या बुडवला, आणि तो काठोकाठ भरला तरी मला वर उचलता येईना.