कुहीच्या धानावर माझं विमान

मी बनवलेलं विमान उत्तम उडतं. त्या दिवशी ते उतरत नव्हतं, एवढीच काय ती तक्रार!

धानावर फवारणी करणारं हे बिनमाणसाचं विमान मी लकडगंजच्या आमच्या गच्चीवर जुळवलं. (नोकरी सोडून. बायकोला नंतर सांगितलं.) पहिली चाचणी कुहीला, सासऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात. मामाजींची अट सरळ होती. "उडालं तं पुरा धान तुमच्या हवाली. नाही तं सोमवारपासून तुमच्या बापाच्या टालावर लाकडं विकत बसा!"

सकाळपासून मला एका जागी बसवेना. नट आवळले, सैल केले, पुन्हा आवळले.

"काहून फिरून राहिले, जवाईबुवा? मलेच चक्कर येऊन राहिली!" म्हणत सासूबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. ट्रॅक्टरची पूजा होते, मग विमानाची नको?

"पंख्यांना हात नका लावू!" मी किंचाळलो. "खाली, पोटाला लावा कुठंतरी!"

त्यांनी लावलं. चांगलं ओलं, ठसठशीत.

आता, जमीन किती खाली आहे हे पाहणारा विमानाचा डोळा पोटालाच असतो. मी त्याला पाच फुटांवर राहायला सांगितलेलं. डोळ्यात कुंकू गेल्यावर त्याला वाटलं, आपण अजून जमिनीवरच आहोत. बिचारं पाच फूट गाठायला वर गेलं. आणखी वर. बाभळीच्या वर. घारीच्या वर!

"उडालं गा, उडालं!" मामाजी खूश. "आता आणा खाली."

"येऊन राहिलं, मामाजी!"

"अहो, ते तं मौद्याकडं चाललं!"

मी घाबरून रिमोटची दिसतील ती बटणं दाबली. त्यातलं एक फवारणीचं निघालं. टाकीभर निंबोळी अर्क वाऱ्यासोबत पडला तो शेजाऱ्याच्या बांधीवर. याच शेजाऱ्याशी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून मामाजींचं कित्येक वर्षं बोलणं बंद! बॅटरी संपली तेव्हा विमानही त्याच्याच चिखलात बसलं.

"डोळ्यावर कुंकू होतं!" मी ओरडलो.

"तुमीच तं आईले जागा दाखवली," बायको म्हणाली.

तेवढ्यात शेजारी विमान खांद्यावर घेऊन हजर. मामाजींकडे ढुंकूनही न पाहता मला म्हणाला, "एकदम झकास फवारलं, जवाईबुवा! राहिलेल्या बांध्या कधी मारून देता?"

मामाजी लालबुंद. मी मनातल्या मनात टालावर जाऊन बसलोसुद्धा! पण माणूस शब्दाचा पक्का. "उडालं म्हणजे उडालं," ते दात आवळून म्हणाले आणि गोठ्यातून बैलाचा कासरा घेऊन आले.

तेव्हापासून माझं विमान कासऱ्याला बांधून उडतं. कासऱ्याचं टोक मामाजींच्या मुठीत असतं. मी बाजूला रिमोट धरून उभा राहतो. (त्यात सेल नसतात.) फोटोत बरं दिसतं म्हणून!