गुरुपादचा पाय अन् जगदेवीची शपथ

मी लग्न होऊन घाटनांदूरला आले तेव्हा माझा धाकटा दीर गुरुपाद सात वर्षांचा होता. इंजेक्शन म्हटलं की धान्याच्या कणगीमागं लपायचा. आता साठी उलटली. किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक नुसतं शिंकलं तरी साखरेच्या पुडीबरोबर "आधी डॉक्टरला दाखव" हा सल्ला फुकट. स्वतः मात्र दवाखान्याची पायरी चढला न्हाई.

यंदा गुळाची ढेप काढताना शिडीवरून पडला, नडगी मोडली. हाड बसवणाऱ्याकडून गुपचूप बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या अन् तीन आठवडे आमच्याच मागच्या खोलीत पडून राहिला. गावाला सांगितलं, लातूरला गेलाय. बायकोला, जगदेवीला, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावून शपथ घातली: पायाचं कुण्या डॉक्टरला बोलायचं न्हाई.

बाविसाव्या दिवशी सकाळी त्यानंच कामट्या सोडल्या. चार पावलं टाकली अन् धाप लागली. जीपमधून अंबाजोगाईला नेलं, तर दवाखान्याच्या दारातच कोसळला. काळीज बंद.

डॉक्टर रोहिणीबाई छाती दाबू लागल्या. दाबतानाच विचारलं, "आधी काही झालं होतं? पडले होते? झोपून होते?"

जगदेवीनं लिंग मुठीत धरलं. डोळ्यांतून धारा, पण ओठ मिटलेले.

मी म्हणाले, "बाई, मला कुणी शपथ घातली न्हाई. पाय मोडलाय. तीन आठवडे बांधून पडला होता."

"डोक्याला मार? कुठून रक्त?"

"न्हाई."

"मग पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असणार. गाठ विरघळायचं औषध देते. रक्तस्राव होऊ शकतो, आजी."

"द्या बाई."

मला वाटलं, औषध दिलं की उठेल. पण गूळसुद्धा पाण्यात टाकल्या टाकल्या विरघळतो का? "औषधाला वेळ द्या, हात थांबवू नका," बाई म्हणत होत्या. दवाखान्यातली चौघं पाळीपाळीनं छाती दाबत राहिली. पाऊण तास झाला, तेव्हा नाडी लागली.

चौथ्या दिवशी गुरुपाद बोलला. छाती काळीनिळी, दोन बरगड्या मोडलेल्या. जगदेवीकडं बघून म्हणतो, "पायाचं कुणी सांगितलं?"

"मी," म्हणाले.

मग माझ्याकडं वळून म्हणतो, "वहिनी, तुमाला शपथ घालायचं राहूनच गेलं."

"घातली असतीस तरी मोडली असती, मुडद्या!" म्हणाले अन् जीभ चावली.

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. इथं कणगी नव्हती. त्यानं एक हात पुढं केला, अन् दुसऱ्यानं माझा पदर धरला.