तोंडात पाण्याचा घोट

नोव्हेंबर आला की आमच्या गाझियाबादेत सकाळी खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते. हवा फारच बिघडली की शाळा बंद ठेवायचा हुकूम निघतो आणि आम्ही शिक्षक घरी लॅपटॉप उघडून बसतो. मी सहावीला गणित शिकवते. त्या वर्षी नेमके अपूर्णांक सुरू झाले होते.

नवरा मानेसरला कामावर जायचा, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि सासरे. बाबा सरकारी खात्यातून रिटायर झालेले, उभा जन्म दिल्लीत गेलेला. डॉक्टरांनी त्यांचं सकाळचं फिरणं बंद केलं होतं. मी डायनिंग टेबलावर वर्ग घ्यायची आणि बाबा शेजारच्या सोफ्यावर पेपर वाचायचे. वाचतात असं आपलं मला वाटायचं.

पहिल्या दिवशी वर्ग संपवून मी लॅपटॉप मिटला. शिकवणं बरं झालं होतं. बाबांनी पेपर खाली केला.

"मुलं आली नव्हती का गं?"

"आली होती की! अख्खा वर्ग होता."

"अच्छा. मला आपला तुझाच आवाज येत होता."

मी चहा ठेवायला उठले. जरा लागलंच ते. बाबा मागून म्हणाले, "तू प्रश्न छान विचारतेस. पण मी विचार करायला लागतो न लागतो तोच उत्तरही सांगून टाकतेस. आमचे एक साहेब असेच होते. 'किसी को कुछ पूछना है?' म्हणायचे आणि म्हणता म्हणता फाइल मिटायचे."

"बाबा, ऑनलाइन वर्गात शांतता पसरली ना, की जीव घाबरतो. वाटतं, नेटच गेलं."

"मग तोंडात काहीतरी धर," ते म्हणाले. त्यांनी हे चेष्टेतच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खरंच पाण्याची बाटली जवळ घेऊन बसले. विचारलं, "एक तृतीयांश बड़ा या एक चतुर्थांश?" आणि पाण्याचा मोठा घोट तोंडात भरला. गिळायचा नाही असं ठरवून.

समोर सगळे काळे चौकोन. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. माझे गाल फुगलेले आणि उत्तर अगदी दातांपाशी आलेलं. तेवढ्यात एक माइक सुरू झाला. वर्षभरात हजेरीशिवाय कधी तोंड न उघडलेली एक मुलगी होती ती.

"मॅम, एक चतुर्थांश बड़ा. चार बड़ा है ना तीन से."

एरवी मी लगेच "नहीं बेटा" म्हणून पुढे गेले असते. पण तोंड पाण्याने भरलेलं! तेवढ्यात दुसरा आवाज आला, "अरे, एक पराठा चार लोगों में बाँटेंगे तो ज़्यादा मिलेगा क्या?"

"ओह!" ती मुलगी स्वतःशीच हसली. "नहीं नहीं, तीन में ज़्यादा मिलेगा. मॅम, मैं बदल दूँ?"

सोफ्यावरून बाबा खो खो हसले. ते सगळ्या वर्गाला ऐकू गेलं.

"मॅम, कौन हँसा?"

मी पाणी गिळलं. "हमारे दादाजी हैं. उन्हें फ्रॅक्शन नहीं आते."

बाबांनी मान डोलावून ते बिल्कुल मान्य केलं. तिथून पुढे रोज शेवटची काही मिनिटं दादाजींची झाली. आज काय शिकलो ते मुलांनी त्यांना समजावून सांगायचं. बाबा कसलीही दयामाया दाखवत नसत. "समझ में नहीं आया," ते ठणकावून सांगायचे. मग मुलं पुन्हा सांगायची, वेगळ्या शब्दांत; कुणी कॅमेरा सुरू करून पोळीचे तुकडे दाखवायचं. मुलं कुठे अडखळतात ते मला कुठल्याही चाचणीपेक्षा तिथे चांगलं कळायला लागलं.

रोज जमायचं असं मात्र नाही. एकदा अर्ध्या वर्गाचं नेट गेलं, उरलेल्यांत कुणीतरी मांजराचे आवाज काढत बसलं आणि मी तोंडात पाणी धरून अवघडून गेले. कुणी बोललंच नाही. लॅपटॉप बंद करताना माझे डोळे भरून आले होते.

"आज फुकट गेला दिवस," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "अगं, मी एवढी वर्षं नोकरी केली, त्यातले किती दिवस फुकट गेले याचा हिशेब लावला तर पेन्शन परत मागतील. चलो, जेवायला वाढ."

मी हसले आणि पानं घेतली. वर्गावर उभं राहणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, की फसलेला तास घरी आणून रात्रभर चघळू नका. मुलं तो केव्हाच विसरलेली असतात.

हवा निवळली, शाळा उघडली. आता अडचण ही, की वर्गात दादाजी कुठून आणायचे? उपाय मुलांनीच काढला. आदल्या दिवशी जो गैरहजर असेल, त्याला सगळ्यांनी मिळून समजावायचं. त्याला कळलं तरच पुढचा धडा.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी सर्दीतून उठून आली आणि चौघं-पाचजण फळ्यापाशी तिच्याभोवती जमले. कुणी खडूने पट्टी आखून तिचे भाग पाडत होतं, कुणी "रुक, रुक, ऐसे नहीं" म्हणून पुसत होतं. बाकीचे जागेवरून सूचना देत होते. मला काही कामच उरलं नाही, म्हणून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आमच्या सुपरवायझर मॅडम दारातून डोकावल्या. टेबल रिकामं, फळ्यापाशी घोळका.

"आपकी मॅम कहाँ हैं?" त्यांनी विचारलं.

कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटी मीच मागून हात वर केला.