आडनावाच्या रकान्यापाशी

"हिला स्वतःचं आडनावच आठवत नाहीये!"

पुण्याच्या ऑफिसातून आमच्या मॅडम म्हणाल्या आणि ऑनलाइन मीटिंगमधले सगळे हसले. स्क्रीनवरचं थबकलेलं बोट माझ्या आत्याचं होतं. मी वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात, घरी, लॅपटॉपसमोर. मला हसू येत नव्हतं. तरी ओठ ताणले. कॅमेरा चालू होता.

आमची कंपनी वेबसाइट तपासून देते. माणसाच्या हातात मोबाइल द्यायचा, स्क्रीनवर फिरणारं बोट आणि आवाज रेकॉर्ड करायचा, तो कुठे अडतो ते पाहायचं. ही वेबसाइट घरोघरची स्वयंपाकाची कामं मिळवून देणारी. आत्याला खरंच वाशिमला काम हवं होतं. मी तिला म्हटलं, मनात येईल ते बोलत जा. ती बोलत गेली.

"हे पाह्य, फोटो चढला. मी त सायबीन दिसून राह्यली वं!"

आत्या माहेरचंच आडनाव लावते. तो रकाना आला आणि ती गप्प झाली. बोट पुढे, बोट मागे. मग हळूच म्हणाली, "माय, हे टाकलं त मले कोण चुलीपाशी येऊ देईन? टाकल्याबिगर पुढं नाई जाता येत काय?"

"दुसरं काहीतरी टाक."

"तू टाकतं तसं?"

मी ऑफिसात नावापुढे फक्त वडिलांचं नाव लावते. इंग्लिश मीडियमच्या शाळेतच शिकलेलं शहाणपण. आत्याने मोबाइल खाली ठेवला. "मी नाई टाकत खोटं. मंग, पास झाली का मी?"

मीटिंगआधी मी रेकॉर्डिंग कापलं. तिचा प्रश्न कापला, माझं उत्तर कापलं. उरलं ते फक्त अडलेलं बोट. त्यांना हसायला निमित्त मीच दिलं. माझी लाज झाकायला मी आत्याला उघडं पाडलं.

मॅडम पुढे म्हणाल्या, "रकाना कंपल्सरीच राहू दे. घरात कोण येतंय ते लोकांना कळायला हवं ना."

शाळेपासून अशा वेळी मी खाली बघत आले. या वेळी न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. शेवटपर्यंत. कोणी हसलं नाही. मी माइक चालू केला.

"ही माझी सख्खी आत्या. दुसरा आवाज माझा. आमचं आडनाव एकच आहे आणि आजपासून मी ते लावणार आहे. आता सांगा मॅडम, पोळ्या लाटायला आडनाव कशाला लागतं?"