धास्तीरावांची मोटार

धास्तीराव हे नाव त्यांना कचेरीत पडलं आणि असं चिकटलं, की साहेबसुद्धा कधी कधी खरं नाव आठवायला थांबायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हे पाणीसुद्धा फुंकून पीत. सकाळी कामाला निघताना बाहेरून कुलूप लावत, ते ओढून बघत, जिना उतरत आणि पुन्हा ओढून बघायला वर येत. आतून बायको ओरडायची, "अहो, मी घरातच आहे! कुणाला कोंडताय?"

त्यांचं काम मोटारी आखण्याचं. गाडीच्या मोटारी नव्हेत, मोठ्या शीतगृहांतले कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी. तार किती जाड घ्यायची, वेढे किती द्यायचे, लोखंडी पत्रे कसे रचायचे, हे त्यांच्या टेबलावर ठरे. प्रत्येक आकड्याआधी ते "समजा" म्हणत. समजा दाब वाढला तर? समजा तेल संपलं तर? एकदा "समजा हा जळका वास मोटारीतल्या तारांच्या वेढ्यांचा असला तर?" म्हणून त्यांनी अख्खी चाचणी बंद करवली होती. शोधाशोध केल्यावर निघाला हीटरवर करपणारा फोरमनचा डबा.

मुलगी फळांच्या शीतगृहात मशीन चालवायला लागली, तेव्हा ही डब्याची गोष्ट तिच्याआधी तिथे पोचलेली होती. तिने वडिलांना बजावलं, "बाबा, कामावर फोन करायचा नाही आणि यायचं तर मुळीच नाही. भित्र्याची पोर म्हणतात मला. तुम्हाला माझी शपथ." त्यांनी शपथ पाळली. जीव मुठीत धरून पाळली, कारण तिच्या पुढ्यातलं नवं मशीन त्यांच्याच मोटारीचं होतं.

या मोटारीचं सगळ्यांना कौतुक होतं. मोटार आणि कॉम्प्रेसर एकाच लोखंडी कवचात बंद केलेले. फळांच्या खोल्या गार करून परत येणारा थंड गॅस आधी मोटारीच्या तारांवरून जायचा, त्यांना गार करायचा आणि मग दाबला जायचा. त्यामुळे मोटार लहान असूनही मोठं ओझं ओढायची. धास्तीरावांनी तिच्यावर नको इतकं ओझं टाकून पाहिलं होतं. तारांत तापमान बघणारा सेन्सर पुरला होता. तारा तापल्या, की त्याने मशीन बंद पाडायचं. मोटार सगळ्या चाचण्यांतून पार पडली होती.

त्या दुपारी ते घरी जेवत होते. बायको लेकीशी फोनवर बोलून आली.

"मजेत आहे हो. सगळा माल गेलाय, खोल्या रिकाम्या. मशीन नुसतं गुणगुणतंय म्हणे. त्यालाच टेकून चहा पितेय."

धास्तीरावांचा घास हातातच राहिला.

खोल्या रिकाम्या, म्हणजे मशीनला काम नाही. काम नाही, म्हणजे परत येणारा गॅस अगदी थोडा. आणि तारांना गार करणारा तर तेवढाच एक गॅस होता! ओझ्याची धास्ती घेता घेता रिकामपणाची धास्ती घ्यायचीच राहून गेली होती. सेन्सर? तो त्यांनी गॅस आत शिरतो त्या बाजूला बसवला होता. तिथून वायर बाहेर काढणं सोपं पडत होतं. तापायची ती पलीकडची बाजू. डोकं तापाने फणफणलेलं आणि थर्मामीटर तळपायाला, असा तो प्रकार.

तारा जळल्या की आतला दाब सगळ्यांत कच्ची जागा शोधतो. ती जागा म्हणजे विजेच्या वायरी कवचात शिरतात तो टर्मिनल बॉक्स. त्यातली पिन बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, मागोमाग उकळतं तेल. आणि त्या मशीनला टेकायला सोयीची जागा तीच.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग ते उष्ट्या हाताने, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात बायकोची चप्पल घालून टॅक्सीत बसले.

"दवाखान्यात का?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"नाही. चला. अजून नाही."

फाटकावरचा पहारेकरी त्यांच्या पायांकडे बघून हसला. ते मशीनच्या खोलीत शिरले, तर लेक खरोखरच बॉक्सला पाठ टेकून उभी. त्यांना बघून तिचा चेहरा लाल झाला.

"बाबा! शपथ घातली होती ना?"

"बाळ, आधी तिथून बाजूला हो."

"हिरवा दिवा बघा. सगळं ठीक आहे."

"दिवा खोटं सांगतोय. सेन्सर मी चुकीच्या बाजूला बसवलाय. पलीकडच्या तारा जळतायत."

"डब्याच्या वेळीसुद्धा..." ती म्हणाली आणि थांबली. वडील "समजा" म्हणाले नव्हते. जन्मात पहिल्यांदा.

ती बाजूला झाली आणि बॉक्सशेजारच्या लाल बटणाकडे हात नेला. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"तिथून नाही. मेन पाड."

दोघं भिंतीपलीकडच्या पॅनेलच्या खोलीत धावली. तिने खटका खाली ओढला. गुणगुण उतरत गेली आणि बंद झाली. धास्तीराव जमिनीवर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. आता फुटेल, आता फुटेल. फुटलं नाही.

बऱ्याच वेळाने ती आत डोकावली. कवचाच्या पलीकडच्या टोकाचा रंग तपकिरी होऊन फुगला होता. कपातला उरलेला चहा तिने लांबूनच त्यावर टाकला. चर्र आवाज झाला आणि थेंबसुद्धा उरला नाही.

"असं दुसरं कुठे आहे?" तिने विचारलं.

"नदीपलीकडच्या गोदामात," ते म्हणाले. "त्यांच्याही खोल्या..." त्यांनी फोन काढला, पण बोटं नंबरावर पडेनात.

तिने तो काढून घेतला आणि लावला. पलीकडे म्हातारा ऑपरेटर होता.

"काका, नव्या मशीनसमोरून बाजूला व्हा. आत्ता, बोलता बोलता. बटणाला हात लावू नका, मेन पाडा."

"कुणी सांगितलं?" काका हसले. "धास्तीरावांनी का?"

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. पळा."

फोन तसाच चालू राहिला. पलीकडून पावलं ऐकू आली, मग दार, मग नुसती मशीनची घरघर. धास्तीरावांनी लेकीची ओढणी मुठीत पकडली होती. तिने ती सोडवून घेतली नाही. दोघंही ती घरघर थांबायची वाट बघत राहिली.

ती थांबली.

"आता साहेबांना लाव," ते म्हणाले. "चूक माझी आहे, मीच बोलतो. तू फक्त फोन धर."